घरच्या वाइनमध्ये कोल्हापुरी गूळ घातला असेल, तर हौशी स्पर्धेत ती कोणत्या वर्गात द्यावी?

गुऱ्हाळघर_करवीर

नमस्कार मंडळी. आमचे करवीर तालुक्यात पिढीजात गुऱ्हाळ आहे. माझा मुलगा व सून कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतात. तेथे स्वतःच्या घरापुरती वाइन करण्यास कायद्याने मुभा असल्यामुळे दोघेही हंगामात द्राक्षे विकत आणून हौसेने वाइन करतात. मागच्या हंगामात त्यांनी जवळच्याच क्लार्क्सबर्ग भागातली चेनिन ब्लां जातीची द्राक्षे आणली. द्राक्षे थोडी लवकर तोडलेली असल्याने रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे टक्केवारीतील माप, साडेअठराच्या आसपास भरला, आम्लता मात्र सुरेख होती. अशा वेळी तेथील हौशी मंडळी साखर घालतात. मुलाने साखरेऐवजी आमच्याच काहिलीतला गूळ घालायचे ठरवले आणि वीस लिटर रसात सुमारे एक किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची छोटी ढेप, विरघळवून ब्रिक्स बावीसपर्यंत नेला. आंबवण पूर्ण झाले आहे, हायड्रोमीटरवर घनता ०.९९६ येते आणि वाइन स्वच्छ निवळली आहे. रंग मात्र फिकट पिवळा न राहता तांबूस सोनेरी आला आहे, आणि वासात गुळाची एक मंद झाक आहे, जी मला स्वतःला फार आवडली.

आता ही वाइन तेथील हौशी स्पर्धेत द्यावी असा मुलाचा विचार आहे. मी लवकरच काही महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे आणि हे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे. मला प्रथम हे जाणून घ्यायचे आहे की, गूळ घातलेली द्राक्षाची वाइन द्राक्षांच्या वर्गात बसते की तिला दुसरा एखादा वर्ग असतो. परीक्षक गुण कशाचे देतात आणि गुळाचा रंग किंवा वास आमच्या विरुद्ध जाईल का, हेही कोणी सविस्तर सांगितले तर बरे होईल. शिवाय माझ्या पुतण्याची गगनबावड्याकडे थोडी जमीन आहे व तेथे करवंदे आणि जांभळे भरपूर येतात. त्यांची थोडी वाइन कोल्हापुरातच करून स्पर्धेसाठी पाठवता येईल का, असे तो विचारतो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पलूसचा_रसायनी

नमस्कार. मी कृष्णाकाठच्या द्राक्षपट्ट्यात वाइननिर्मितीच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे आधी गुणांविषयी लिहितो. वर्गाचा प्रश्न त्यातूनच सुटत जाईल.

अमेरिकेतील अनेक हौशी स्पर्धांमध्ये वीस गुणांची जी पद्धत वापरतात, ती आपल्या चिरंजीवांच्या घरापासून जवळच असलेल्या डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९ च्या सुमारास मेनार्ड अमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिच्या मूळ रूपात स्वच्छतेला २, रंगाला २, वासाला ४, शिरक्याचा अंश नसण्याला २, एकूण आम्लतेला २, गोडीला १, अंगाला म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला १, चवीला २, कडवटपणा-तुरटपणा यांच्या तोलाला २ आणि एकूण दर्जाला २ अशी विभागणी आहे. निरनिराळ्या स्पर्धा तिच्यात थोडाफार फरक करतात. परंतु या पद्धतीचा मूळ हेतू वाइनमधील दोष शिस्तीने हुडकणे हा होता, हे लक्षात ठेवावे. परीक्षकासमोर एका बैठकीत बरेच पेले येतात, बाटलीवर फक्त क्रमांक असतो, आणि तो प्रत्येक पेल्याची तुलना त्या वर्गाच्या अपेक्षित रूपाशी करतो.

आपल्या वाइनची खरी अडचण येथे आहे. कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, चेनिन ब्लां म्हटली की परीक्षकाच्या डोळ्यांसमोर फिकट पिवळा, कधी हिरवट छटेचा रंग आणि सफरचंद, नाशपाती यांच्याकडे झुकणारा वास असतो. त्याऐवजी तांबूस सोनेरी रंग आणि भाजल्या साखरेची झाक आली, तर ही वाइन हवेच्या संपर्काने म्हातारी झाली आहे असा निष्कर्ष तो काढेल, कारण ऑक्सिडीकरण झालेल्या पांढऱ्या वाइनची लक्षणे नेमकी हीच आहेत. परीक्षकाचे यात काही चुकत नाही. त्याला गूळ घातल्याचे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून प्रवेशअर्जात गूळ स्पष्टपणे लिहिलेला असणे ही मी पहिली अट मानतो. कॅलिफोर्नियात व्यावसायिक द्राक्षवाइनमध्ये साखर घालण्यास बंदी आहे. ती बंदी घरगुती वाइनला लागू नाही. तरी तेथील परीक्षकाची जीभ साखर न घातलेल्या द्राक्षांवर घडलेली असते, याचाही विचार करावा.

याउलट, गुळाची झाक इतकी मंद असेल की अनोळखी माणसाला ती ओळखताच येणार नाही, तर द्राक्षांचा वर्गही नाकारण्याचे कारण नाही. याची परीक्षा घरीच करता येते. ज्यांना काहीही सांगितलेले नाही अशा तीन-चार जणांना बाजारातील एक कोरडी चेनिन ब्लां आणि आपली वाइन सारख्याच पेल्यांतून द्यावी व त्यांनी काय लिहिले ते पाहावे. पेले रंग दिसणार नाही असे असतील तर उत्तमच.

आता गुळाविषयी दोन गोष्टी विचारतो, कारण त्यांचा वाइनच्या आयुष्याशी संबंध आहे. उसाचा रस निवळण्यासाठी चुना किती वापरला होता? आणि रंग उजळावा म्हणून हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरले होते का? गंधकाचे अवशेष गुळातून द्राक्षरसात उतरले, तर आंबवणाच्या वेळी त्यांतून कुजक्या अंड्यासारखा वास धरण्याचा धोका असतो, आणि स्पर्धेत हा दोष पेला नाकाशी नेताच पकडला जातो. चुन्यामुळे कॅल्शियम वाढते. द्राक्षातील टार्टारिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन जे स्फटिक बनतात, ते बाटली भरल्यानंतर काही महिन्यांनीही खाली बसू शकतात. पोटॅशियमचे स्फटिक शीतकपाटात ठेवून आधीच पाडून घेता येतात. कॅल्शियमचे स्फटिक थंडीला तसे दाद देत नाहीत.

पंचगंगा_ते_टेम्स

मी मूळची शुक्रवार पेठेतली, सध्या इंग्लंडमध्ये स्थायिक आहे आणि येथील गावच्या प्रदर्शनांत व वाइनमंडळांच्या स्पर्धांत नेमाने भाग घेते. अमेरिकेचे नियम वेगळे असले तरी येथील परंपरा आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे, असे मला वाटते. कारण येथे घरगुती वाइन म्हणजे मुख्यतः द्राक्षाची वाइन नव्हेच. एल्डरबेरी, ब्लॅकबेरी, डँडेलियनची फुले, अगदी पार्सनिप नावाच्या गाजरासारख्या मुळाचीही वाइन येथे होते, आणि या सर्वांत साखर बाहेरूनच घालावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागू झालेले साखरेचे रेशनिंग १९५३ मध्ये उठले आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी हौशी मंडळे उभी राहिली. त्यामुळे कोणती साखर घातली आणि तिने काय दिले, हा प्रश्न येथील परीक्षकांना नवा नाही. तपकिरी साखर घातली की चव कशी बदलते हे त्यांना जिभेने ठाऊक असते, आणि हलक्या वाइनमध्ये ती घालू नये असा येथे सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

येथील परीक्षकांच्या संघाची पद्धत तीस गुणांची आहे. बाटलीच्या मांडणीला २, स्वच्छता व रंग यांना मिळून ४, वासाला ४ आणि चव, तोल व दर्जा यांना २०. मांडणीला केवळ दोनच गुण असले तरी बरोबरीच्या वाइनमध्ये निर्णय त्यांवरच होतो. बाटली रंगहीन काचेची, ठरलेल्या आकाराची, बूच नियमात सांगितलेल्या प्रकारचेच, बुचाखाली सोडायची जागा ठरलेली आणि चिठ्ठी ठरलेल्या उंचीवर. ज्यांनी वर्षभर जिवापाड मेहनत घेतली, त्यांनी शेवटच्या दिवशी हिरवी बाटली आणल्यामुळे त्यांची वाइन न चाखताच बाजूला ठेवली गेली, असे मी पाहिले आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटले. नियमपत्रिका अर्ज भरताना एकदा आणि बाटली भरताना पुन्हा एकदा वाचावी, एवढेच मी कळकळीने सांगेन.

वर्गाविषयी माझे मत पलूसच्या दादांपेक्षा थोडे निराळे आहे. गुळाची झाक मंद आहे म्हणून ती द्राक्षांच्या वर्गात खपवावी, हे मला पटत नाही. ज्या गुळासाठी ही वाइन केली, तो लपावा अशी इच्छा धरून स्पर्धेत उतरण्यात काय समाधान आहे? मिश्र किंवा ‘इतर’ या नावाचा जो वर्ग असेल त्यात ती द्यावी, घटकांत ‘चेनिन ब्लां द्राक्षे व उसाचा गूळ’ असे लिहावे, आणि परीक्षकाने गुळाची झाक हे या वाइनचे वैशिष्ट्य म्हणून जोखावे. गूळ हा शब्द त्याला अपरिचित असेल, तर मेक्सिकन दुकानांत मिळणारा पिलोन्सिलो हा उसाच्या रसापासून तसाच आटवून केलेला पदार्थ कॅलिफोर्नियात सर्वांना माहीत आहे. त्याचा उल्लेख कंसात केला की प्रश्न मिटतो. मात्र अशा वर्गात मध, फळे, फुले यांच्या वाइन शेजारी शेजारी असतात, त्यामुळे परीक्षकाजवळ ठरलेला नमुना नसतो आणि तो तोलाकडे अधिक काटेकोरपणे पाहतो. घनता ०.९९६ म्हणजे आपली वाइन कोरडी आहे, पण गुळाच्या वासामुळे ती गोड असेल असे वाटते आणि प्रत्यक्ष घोट घेतल्यावर तशी लागत नाही. ही अपेक्षाभंगाची जागा आहे. नियमात बसत असेल तर थोडी गोडी ठेवून तिची निमगोड वर्गात नोंद करण्याचा विचार करावा. तसे केल्यास बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होऊ नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट आणि त्याच्या जोडीला पुरेसे सल्फाइट घालावेच लागेल.

शाहूपुरी_वकील

करवंदांविषयीच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात घरी, हौसेसाठी आणि स्वतःपुरती वाइन करण्यालाही मुभा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा कलम ६५ खालील गुन्हा आहे, आणि वाइन ही कायद्याच्या दृष्टीने मद्यच आहे. ती फळांची आहे, थोडी आहे, विकायची नाही, ही कारणे बचाव म्हणून चालत नाहीत. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले, त्यामुळे वाइन करणे आता मोकळे झाले असा समज सर्वत्र आढळतो. ते धोरण उद्योगासाठी होते. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना त्या उद्योगांनाही घ्यावाच लागतो. आपल्या पुतण्याने गगनबावड्याची करवंदे आंबवू नयेत, असाच माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याला या फळांचे काही करायचेच असेल, तर सरबत, मुरंबा, जेली यांना कसलीही आडकाठी नाही. विक्री करायची झाल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी तेवढी करून घ्यावी.

अमेरिकेत केंद्रीय नियमानुसार प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन वाइन करता येते. ती विकता येत नाही, परंतु स्पर्धा व प्रदर्शने यांसाठी घराबाहेर नेण्याची तरतूद त्याच नियमात आहे. त्यामुळे आपल्या मुलाची वाइन तिच्या जागी पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि तिची स्पर्धाही तेथेच व्हावी हे योग्य.

गुऱ्हाळघर_करवीर

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, पुतण्याला आपले उत्तर वाचून दाखवले आहे आणि त्याने तो विचार सोडला आहे.

पलूसच्या दादांनी गुळाविषयी विचारले ते मला फार योग्य वाटले, कारण या गोष्टी गुऱ्हाळावर उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येतात. आमच्याकडे हायड्रॉस वापरत नाही. बाजारात पिवळाधमक रवा पाहून बोली वाढते, म्हणून अनेकांना ते वापरण्याचा मोह होतो. आम्ही मात्र घरचा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांचा गूळ रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढूनच करतो. भेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवली की जो बुळबुळीत रस निघतो, तो तापत्या रसात घातल्यावर मळी वर धरते आणि ती झाऱ्याने काढून टाकता येते. चुना मात्र घालावाच लागतो, कारण उसाचा रस आंबूस असला तर गूळ नीट बसत नाही, पाघळतो. मुलाला पाठवलेला गूळ हंगामाच्या मध्यावरचा, पक्व उसाचा होता, त्यामुळे चुन्याचे प्रमाण बेताचे होते, पण ते शून्य नव्हते. रंग तपकिरीकडे झुकणारा होता आणि आमच्या गुळव्याच्या मते तोच गूळ सर्वांत खमंग होता.

ताईंनी वर्गाविषयी लिहिलेले मला आणि मुलाला दोघांनाही पटले. ही वाइन गुळाचे नाव लावूनच स्पर्धेत जाईल. गोडी वाढवण्याबाबत मात्र मन घेत नाही. आहे ती कोरडीच ठेवून तिचा तोल सुधारता येईल का?

पलूसचा_रसायनी

हायड्रॉस नव्हते हे वाचून बरे वाटले. ताईंचा वर्गाविषयीचा मुद्दाही मी मान्य करतो. नाव लावूनच स्पर्धेत उतरायचे ठरले आहे, तर ‘इतर’ हाच वर्ग योग्य.

तोलाविषयी सांगायचे तर आधी पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, मोजावा; तो जितका कमी तितकी वाइन आम्ल. गुळात पोटॅशियम भरपूर असते आणि चुन्याचे कॅल्शियमही असते. दोन्ही टार्टारिक आम्लाला बांधून ठेवतात, त्यामुळे द्राक्षरसात सुरेख असलेली आम्लता गूळ घातल्यानंतर उतरलेली असण्याची शक्यता आहे. कोरड्या पांढऱ्या वाइनचा पीएच ३.१ ते ३.४ च्या दरम्यान असावा. तो याहून वर असेल तर वाइन चवीला सपाट लागते, आणि गुळाचा वास तिच्यात सैल पडल्यासारखा वाटतो. अशा वेळी टार्टारिक आम्ल लिटरला अर्धा ग्रॅम या बेताने, तेही आधी एका लहान बाटलीत घालून, चाखून पाहावे. गोडी न वाढवता गुळाला उठाव देण्याचा हा मार्ग आहे; आंबटाची धार असली की गुळाची चव नीट उमटते. आम्ल घातल्यावर मात्र स्फटिक पडण्याची शक्यता पुन्हा वाढते, म्हणून त्यानंतर निदान काही आठवडे वाइन मोठ्या भांड्यातच थंड जागी राहू द्यावी आणि साका बसल्यावर वरची वाइन काढून मगच बाटल्या भराव्यात.

वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फाइटबद्दल हौशी मंडळींत नाराजी असते, तीही बाजूला ठेवावी. रंग आधीच सोनेरी आहे. यापुढे ती हवेने जराही तपकिरी झाली, तर गुळाचा रंग कोणता आणि दोषाचा कोणता हे कोणालाच सांगता येणार नाही. सल्फाइट म्हणून वापरतात त्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. पीएच ३.४ असताना मोकळा, म्हणजे वाइनमधील इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड लिटरला तीस मिलिग्रॅमच्या आसपास ठेवला तर पांढरी वाइन सुरक्षित राहते. पीएच कमी असेल तर त्याहून कमी पुरतो. हे मोजण्याचे साधे संच तेथील दुकानांत मिळतात. अंदाजाने चिमूटभर घालू नये, कारण जास्त झाला तर नाकाला झोंबतो आणि तोही दोषच ठरतो.

सॅक्रामेंटोची_सून

मी वरील कुटुंबातील नव्हे, पण माहेर राजारामपुरी आणि राहते याच भागात, म्हणून व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगते. येथील राज्य जत्रेत घरगुती वाइनची स्वतंत्र स्पर्धा असते आणि अनेक परगण्यांच्या जत्रांतही असते. प्रवेशाची मुदत जत्रेच्या बरीच आधी संपते, त्यामुळे काका येथे पोहोचण्याची वाट न पाहता मुलाने त्या त्या स्पर्धेची पत्रिका आजच पाहावी. बाटल्या टपालाने पाठवता येत नाहीत. अमेरिकेच्या टपालखात्यात मद्य पाठवण्यास बंदी आहे आणि खासगी कुरिअर कंपन्याही ते परवानाधारकांकडूनच घेतात. म्हणून बाटल्या स्वतः नेऊन द्याव्यात. वाइनचे साहित्य विकणारी दुकाने पुष्कळदा स्पर्धेच्या बाटल्या स्वीकारतात, तेथे चौकशी करावी. गाडीतून नेताना उन्हाळ्यात बाटल्या बंद गाडीत ठेवून जाऊ नये. येथील उन्हात गाडी थोड्याच वेळात तापते, बूच वर सरकते आणि वाइन शिजल्यासारखी होते.

आणखी एक सुचवते. एकाच दिवशी भरलेल्या बाटल्यांपैकी एक घरी थंड, अंधाऱ्या जागी ठेवून द्यावी. स्पर्धेनंतर परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद घरी येतो. तो आला की ती बाटली उघडून, प्रत्येक शेरा वाचत पुन्हा चाखावी. परीक्षकाने ‘आम्लता कमी’ असे लिहिले असेल तर ती त्याच घोटात जिभेला सापडते, आणि पुढच्या हंगामात गूळ किती घालायचा हे त्यावरून ठरवता येते. पदक मिळो वा न मिळो, अनोळखी आणि जाणत्या माणसाने लिहून दिलेले मत घरच्या वाइनला दुसरीकडे कोठे मिळत नाही. शेरे लेखी देतात की नाही, हे पत्रिकेत पाहूनच स्पर्धा निवडावी.

गुऱ्हाळघर_करवीर

मुलाशी बोलणे झाले. पीएच ३.६ निघाला, म्हणजे दादांचा अंदाज बरोबर ठरला. तो आता लहान बाटल्यांत टार्टारिक आम्लाची प्रमाणे लावून पाहणार आहे आणि लेखी शेरे देणाऱ्या स्पर्धेचाच अर्ज भरणार आहे. पुढच्या खेपेसाठी चुना अगदी कमीत कमी घातलेला एक रवा वेगळा काढून ठेवावा, असे गुळव्याला आजच सांगितले आहे.